मार्गिलानच्या सिंहाची सदतीस पत्रं

बत्तीस वर्षं मी मार्गिलानच्या रेशीम गिरणीत इंजिनियर होतो. तीनशे माग माझं ऐकायचे. एखादा माग जरा वेगळा खडखडला की मी जेवणघरातूनच सांगायचो, याचं अमुक चाक झिजलंय म्हणून. आणि असा हा मी निवृत्तीनंतर घरातली जुनी पत्रं एका पेटीतून दुसऱ्या पेटीत न्यायला बसलो आणि दीडशे माणसांना पहाटे सहा वाजता स्वतःच्या दारात उभं करून मोकळा झालो. तीही ठेवणीतल्या कपड्यांत.

सुरुवात दुलयांपासून झाली. आमच्याकडे घराची इभ्रत दुलयांवर मोजतात. कोपऱ्यात पेटारा, पेटाऱ्यावर दुलयांची चळत, आणि चळत छताला टेकली म्हणजे बाई घरंदाज. आमच्या हाजराची चळत मात्र बरीच वर्षं जमिनीवर होती, कारण पेटाऱ्याच्या कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर होता. हा कॉम्प्युटर मोहल्ल्यातला पहिला. आणला तेव्हा लोक बघायला यायचे, हाजरा त्यांना चहा द्यायची आणि मी पडदा बाजूला सारायचो. आता त्याच्यावर भरतकामाचं फडकं असे आणि फडक्यावर जर्दाळू वाळत.

एके दिवशी हाजरा म्हणाली, "शहलोचे बाबा, माझ्या दुलया भुईवर आणि तुमचा डबा तख्तावर, हे किती दिवस चालायचं?"

"त्यात माझी पत्रं आहेत," मी म्हणालो.

"मग काढा की! लेकीनं नवा कॉम्प्युटर दिलाय, मांडीवर मावतो. त्यात घाला. दोन वेळा जेवताय, एवढं नाही जमायचं?"

मला जमणार नाही असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हणालो, "दुपारपर्यंत करतो." ते बारा दिवस चाललं.

पत्रांचं खरं कारण मी हाजराला सांगितलं नव्हतं, तिला ते माहीत होतं ही गोष्ट वेगळी. त्या कॉम्प्युटरमध्ये सोबितची सहाशे बारा पत्रं होती. सोबित कोकंदला राहतो. आम्ही ताश्कंदला एका खोलीत शिकलो, एकाच कढईत जेवलो, आणि नंतर तीस वर्षं पत्रानं बुद्धिबळ खेळलो. आधी टपालानं, मग ईमेलनं. पत्रात एक चाल आणि बाकी दोन पानं शिव्या, पावसापाण्याच्या गोष्टी आणि जर्दाळूंची चौकशी. सख्ख्या भावाशी मी इतकं बोललो नसेन.

आणि अकरा वर्षांपूर्वी शहलोच्या लग्नात हा माणूस आला नाही.

पहाटेच्या पुलावाला आला नाही! आमच्याकडे मुलीच्या लग्नाचा पुलाव म्हणजे काय ते मी काय सांगू. वैरीसुद्धा येतो, छातीवर हात ठेवतो, दोन घास खातो आणि मग घरी जाऊन वैर पुढे चालू करतो. सोबित तर आला नाहीच, वर फोनही केला नाही. चालू डावातली पुढची चालही पाठवली नाही. मीही विचारलं नाही. न आलेल्या माणसाला 'का रे आला नाहीस' म्हणून विचारणं म्हणजे आपली इज्जत आपण होऊन त्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवणं. मी कॉम्प्युटर बंद केला, फडकं टाकलं आणि अकरा वर्षं कोकंदचं नाव काढलं नाही. तिकडच्या बसकडेही मी पाठ करून उभा राहायचो.

पण पत्रं ती पत्रं. माणूस नालायक निघाला तरी पत्रांचा काय दोष? त्यातून कॉम्प्युटर आता सुरू होताना म्हाताऱ्या उंटासारखा कण्हायचा. आज बंद पडेल की उद्या, याचा नेम नव्हता. बंद पडला असता तर सोबित दुसऱ्यांदा गेला असता.

काम सुरू केलं आणि पहिल्याच सकाळी शेजारचे, थोरल्या भावाच्या मानाचे तुरगुन-अका कुंपणावरून डोकावले. तुरगुन-अका तीस वर्षं बस चालवत होते, त्यामुळे त्यांना जगातलं सगळं समजतं.

"इनोम, पत्रं हलवतोयस म्हणे? थंडीत हलवायची. द्राक्षवेल उन्हाळ्यात हलवला तर मरतो."

"तुरगुन-अका, हा वेल नाही."

"मुळं सगळ्यालाच असतात," असं म्हणून ते आत आलेच, आणि बारा दिवस आमच्याकडेच चहाला होते.

आधी पत्ते हलवायचे होते. चारशे अकरा नावं. त्यात 'नळवाला', 'नळवाला चांगला' आणि 'नळवाला उचलू नये' हे तिघं वेगवेगळे. नऊ जण मेलेले. मी त्यांना वगळायला निघालो तर हाजरानं माझा हात धरला. "माझ्या मामांना पुसताय? जिवंतपणी त्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?" प्रकरण मोहल्ल्याचे प्रमुख एरगाश-ओता यांच्यापर्यंत गेलं. ओतांचं वय ब्याऐंशी, दाढी पांढरीशुभ्र, आणि निकाल देण्याआधी ते पियाल्यातला चहा पूर्ण संपवतात. चहा संपवून ते म्हणाले, "नवीन घरी जाताना गेलेल्यांची नावं सोबत न्यावीत. ते जेवायला बसणार नाहीत, जागाही अडवणार नाहीत." नऊही जणांना मी अदबीनं हलवलं. पलीकडे गेल्यावर प्रत्येक नाव तीनदा झालं होतं. मामाही तीन झाले. हाजराला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पत्रांचं काम मात्र अडलं. नव्या यंत्राला माझ्या ईमेलच्या जुन्या टपालपेटीचा पासवर्ड हवा होता. तो मी विसरलो होतो. हाजराचा वाढदिवस घालून पाहिला. चालला नाही. हाजरा म्हणाली, "दिवस तरी बरोबर घातलात का?" तर तोही चुकलाच होता. बरोबर घातला, तरी चालला नाही. मग मला टपालपेटीच्या कार्यालयात जावं लागलं.

खिडकीत एक मुलगी होती. तिनं माझं ओळखपत्र पाहिलं, पडदा पाहिला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "'मार्गिलानचा सिंह' म्हणजे तुम्हीच का?"

ईमेलचा हा पत्ता घेतला तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांचा होतो, माझ्या मिशा काळ्या होत्या आणि सोबितनं आधीच 'कोकंदचा वाघ' घेऊन ठेवला होता. हे सगळं मी खिडकीतून कसं सांगणार?

"मीच," मी हळूच म्हणालो.

"कशावरून?"

रांगेतला एक जण खो खो हसला. मुलगी बिचारी सालस होती. ती म्हणाली, "ओळखपत्रावर तुम्ही इनोमजान कादिरोव आहात. पेटी सिंहाची आहे. तुम्ही आणि सिंह एकच आहात असा मोहल्ल्याचा दाखला आणा. शिक्क्यासकट."

एरगाश-ओतांनी चहा संपवला आणि दाखला लिहायला घेतला. अक्षर सुरेख. 'दाखला देण्यात येतो की, आमच्या मोहल्ल्यात राहणारे इनोमजान कादिरोव हे गेली तेवीस वर्षं सिंह आहेत.' तुरगुन-अकांनी साक्षीदार म्हणून सही केली. सही करताना म्हणाले, "सिंह म्हणजे जरा जास्तच होतंय, पण शेजारधर्म आहे." तो दाखला घेऊन मी परत गेलो, शिक्का पुसट म्हणून परत आलो, ठळक शिक्का घेऊन पुन्हा गेलो. अख्ख्या बाजारात बातमी फिरली होती. नानवाल्यानं मला नान देताना विचारलं, "सिंहाला तीळ लावलेले चालतील ना?"

नवीन पासवर्ड मिळाला. बुधवारी सकाळी मी दोन्ही कॉम्प्युटर वायरनं एकमेकांना जोडून बसलो. जुना कण्हत होता. नवा प्रश्न विचारत होता. एकामागून एक इतके प्रश्न की गिरणीच्या तपासणीतसुद्धा मला कोणी विचारले नव्हते. मी ताश्कंदला मुलाला, संजारला, फोन लावला.

"बाबा, मी कामात आहे. ते काहीही विचारू दे, तुम्ही 'हो' म्हणा."

"सगळ्याला?"

"सगळ्याला."

मी 'हो' म्हणत गेलो. हो. हो. हो. तुरगुन-अका शेजारी बसून मोजत होते. मध्येच एक प्रश्न आला: 'सदतीस पत्रं जायची राहिली आहेत. आता पाठवू?'

मी थांबलो. सहाशे बारातली सदतीस राहिली? म्हणजे बाकीची पोचली वाटतं नव्या पेटीत! तुरगुन-अका म्हणाले, "पाठव की. बसमध्ये सदतीस माणसं खाली राहिली तर मी काय त्यांना सोडून जायचो?"

मी 'हो' म्हटलं. कॉम्प्युटर जरा वेळ घरघरला आणि म्हणाला, 'पाठवली.' मी हाजराला हाक मारली आणि म्हणालो, "बघ, झालं!" तिनं त्याच आनंदात मला गाजराचा हलवा दिला.

गुरुवारी दुपारी फोन सुरू झाले.

पहिला नमनगानच्या माझ्या चुलतभावाचा. अकरा वर्षं तोंड फुगवून बसलेला माणूस! "इनोम, मुबारक हो! रविवारी येतोच. जुनं जाऊ दे, तू आठवण ठेवलीस यातच सगळं आलं." मी "या, या" म्हणालो, कारण दुसरं काय म्हणतात? दुसरा फोन अंदिजानहून, गिरणीतल्या जुन्या फोरमनचा. तिसरा बुखाऱ्याहून. तो तर रडतच होता. चौथ्या फोनला हाजरानं बाह्या सरसावल्या आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"रविवारी आपल्याकडे काय आहे?"

मी नव्या कॉम्प्युटरपाशी गेलो. पाठवलेल्या पत्रांच्या कप्प्यात सदतीस पत्रं होती, वरवर सगळी एकसारखी. 'आमच्या लेकराच्या शुभकार्यानिमित्त येत्या रविवारी पहाटे सहा वाजता पुलावाला अवश्य यावं.' फुशारकी नको म्हणून शहलोचं नाव मी घातलं नव्हतं. घाईत तारीखही घातली नव्हती. नुसता रविवार.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे निमंत्रण हातातच द्यायचं असतं. पत्रिका घ्यायची, दारात जायचं, दोन्ही हातांनी द्यायची. गावातल्यांना मी तशीच दिली होती. पण बाहेरगावच्या सदतीस जणांना, मोहल्ल्यातला पहिला कॉम्प्युटरवाला म्हणून, मी ऐटीत ईमेल केलं होतं. त्याच आठवड्यात गॅसच्या नळासाठी रस्ता खणला होता आणि आमची फोनची तार तुटली होती. पत्रं गेलीच नव्हती! ती अकरा वर्षं जर्दाळूंच्या खाली पडून होती. मी सदतीस लोकांवर रुसलो होतो, सदतीस लोक माझ्यावर रुसले होते, आणि कोणीही कोणाला विचारलं नव्हतं, कारण सगळ्यांनाच इज्जत होती.

मी यादी खाली सरकवली. शेवटून तिसरं नाव: कोकंदचा वाघ.

मला घाम फुटला. मी पाण्याचा पियाला घेतला आणि तो तसाच हातात धरून बसलो. हाजरानं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कळवून टाकू का, चूक झाली म्हणून?" मी विचारलं.

"पुलावाचं आमंत्रण परत घ्यायचं?" ती ओरडलीच. "त्यापेक्षा मला माहेरी पाठवा! तांदूळ किती लागेल ते सांगा."

शुक्रवारी मोहल्ल्याची बैठक बसली. तांदूळ ठरला, गाजरं ठरली, मेंढ्या ठरल्या, दोन मोठ्या कढया मशिदीच्या कोठीतून आणायचं ठरलं. अडलं एकाच गोष्टीवर. पुलाव कोणत्या निमित्ताचा?

"संजारचं लग्न करून टाकू," तुरगुन-अका म्हणाले. "वय झालंय, लोक येतायतच."

कोणीतरी संजारला फोन लावून माझ्या हातात दिलाही. तो घाबरून म्हणाला, "बाबा, मुलगी कोण?" मी म्हणालो, "तू सगळ्याला हो म्हणायला सांगितलं होतंस ना?" आणि फोन ठेवला. त्याला जरा घाम फुटू दे.

शेवटी एरगाश-ओतांनी चहा संपवला. "शहलोच्या लग्नाचाच पुलाव," ते म्हणाले. "सदतीस जणांचा वाटा तेव्हा राहिला होता. आता वाढा. शहलोला आणि जावयाला बोलवा. तीन नातवंडं आहेत, म्हणजे लग्न टिकलंय. अशा लग्नाचा पुलाव जास्त रुचकर लागतो."

शनिवारी संध्याकाळी रिवाजाप्रमाणे मोहल्ल्यातले पुरुष गाजरं चिरायला आमच्या अंगणात बसले. गाजर चिरताना ज्याची मुलगी त्याची टिंगल करायची असते, पण लग्न जुनं असल्यामुळे सगळी टिंगल सिंहावर आली. मी खाली मान घालून चिरत होतो. फोन मांडीवर ठेवला होता. छत्तीस जणांनी 'येतो' म्हणून कळवलं होतं. बुखाऱ्याच्या माणसानं तर दोनदा. कोकंदहून काहीच नव्हतं.

"बोट कापशील," तुरगुन-अका म्हणाले. आणि मग आवाज खाली आणून, "येईल तो."

"कोण?" मी विचारलं.

"अरे, अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे कोण ते. कोकंदच्या बसकडे पाठ करून उभा राहणारा माणूस मी त्याच बसच्या आरशात निवृत्त होईपर्यंत बघितलाय."

रविवारी पहाटे मी सणासुदीचा लांब अंगरखा, चपान, घातला, टोपी घातली आणि दारात उभा राहिलो. उजवा हात छातीवर. ते येत गेले. नमनगान, अंदिजान, ताश्कंद. कोणी मुलं घेऊन, कोणी जावई घेऊन. माणसं म्हातारी झाली होती. चुलतभावाचे दात गेले होते, फोरमनच्या हातात काठी होती. प्रत्येक जण मिठी मारायचा आणि कानात म्हणायचा, "मला वाटलं होतं, तू विसरलास." आणि मी प्रत्येकाला म्हणायचो, "तार तुटली होती." शहलो तीन पोरं घेऊन नवरीसारखी लाजत बसली होती. संजार ताश्कंदहून आला होता तो मात्र प्रत्येक अनोळखी मुलीकडे संशयानं बघत होता.

पहिली पंगत उठली. दुसरी बसली. सात वाजले. कढईचा तळ दिसायला लागला. हाजरा दोनदा दाराशी येऊन गेली. तिसऱ्यांदा आली ती झाकलेली थाळी हातात घेऊन. "त्यांचा वाटा काढून ठेवलाय," ती म्हणाली. "आणखी कितीही उशीर होऊ दे." मला तेव्हा तिची इतकी माया आली की दुलयांसाठी मी स्वतः छत उंच केलं असतं.

आठला पाच कमी असताना गल्लीच्या तोंडाशी बस थांबली. उतरला तो एक बुटका, जाडा, टकलू म्हातारा. काखेत बुद्धिबळाचा घडीचा पट. चालायची ढब तीच, बदकासारखी. मी हात छातीवरून काढायचा विसरलो.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मिठी नाही, सलाम नाही.

"ताजा कलम वाचलास का स्वतःचा?" तो म्हणाला.

मी वाचला नव्हता. सोबितच्या पत्राला मी खाली एक ओळ जोडली होती. 'माझा घोडा तुझ्या वजिराच्या तोंडासमोर. आता पळ.'

"अकरा वर्षं," सोबित म्हणाला. "अकरा वर्षं मी समजत होतो की तू विचार करतोयस."

"आणि मला वाटलं, तू हरलास म्हणून गप्प बसलास."

"हरलो? मी?" तो ओरडला. "लेकीचं लग्न केलंस आणि मला बोलावलं नाहीस, असं वाटलं मला, गाढवा. बायकोनं कपडे इस्त्री करून ठेवले होते. महिनाभर ते खुंटीला होते."

मग आम्ही रडलो. दोघंही. मोठ्यानं. सांगायला मला काही लाज वाटत नाही. तुरगुन-अकांनी पाहुण्यांना सांगितलं की कांद्यामुळे आहे, आणि पाहुण्यांनी ते मान्य केलं.

सोबितनं थाळीतला पुलाव शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ला. मग मी त्याला आत नेलं. म्हटलं, तुझी सहाशे बारा पत्रं दाखवतो. नवा कॉम्प्युटर उघडला, तर आत फक्त ती सदतीस. बाकी एकही आलेलं नव्हतं. मी धावत जुन्याकडे गेलो आणि कळ दाबली. तो एकदा कण्हला, एकदा उसासा टाकला आणि थंड झाला. पुन्हा दाबली. काही नाही. तीनशे माग चालवलेल्या माणसाला कळतं, कोण झोपलंय आणि कोण गेलंय.

"गेली," मी म्हणालो. "सोबित, तुझी सगळी पत्रं गेली रे."

"मग?" तो जमिनीवरच्या दुलयांवर पसरून बसला आणि त्यानं पट उघडला. "मीच लिहिली होती ना ती? काय हवंय ते विचार, सांगतो."

त्यानं सोंगट्या मांडल्या. एकेक सोंगटी अकरा वर्षांपूर्वी होती तिथे, न चुकता. मग माझा घोडा उचलून माझ्या ताज्या कलमाप्रमाणे वजिरासमोर ठेवला, आपला उंट तिरका सरकवला आणि तो घोडा खाल्ला. मला तो उंट दिसलाच नव्हता. अकरा वर्षांपूर्वी नाही आणि आताही नाही.

"थांब, थांब," मी म्हणालो. "लग्नाची गडबड होती तेव्हा. ती चाल मी परत घेतो."

सोबितनं माझा घोडा खिशात टाकला.

"ते नाही जमायचं, इनोम," तो म्हणाला. "पाठवलंस ना? मग पाठवलंस."